चढणीचे मासे

मृग नक्षत्र लागले आणि पहिला मोठा पाऊस कोसळला, म्हणजे शहरातील गृहस्थास छत्रीची आठवण होते, गृहिणीस गच्चीवरील वाळवणाची होते, आणि मुलांस नव्या पुस्तकांची. कोकणातील खेड्यात वाढलेल्या माणसास ह्या पावसाबरोबर आणखी एक आठवण होते. रात्री चूड पेटवून, डोक्यावर इरले घेऊन, गुडघाभर गढूळ पाण्यात उभे राहून धरलेल्या माशांची ती आठवण असते. ह्यांना चढणीचे मासे म्हणतात. आमच्या रायगड जिल्ह्यात ह्या प्रकारास 'वलगण' असा शब्द आहे, आणि पहिल्या पावसात वलगणीचे मासे ज्या घरी शिजले नाहीत, त्या घरी पावसाळा आला असे पूर्वी कोणी म्हणतच नसे.

श्रोतेहो, ह्या माशांविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत, ते केवळ आठवणी काढण्यासाठी नव्हेत. मासे चढतात म्हणजे नेमके काय करतात, ते का चढतात, आणि चढत असता त्यांना धरावे की धरू नये, ह्या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करण्याचा माझा हेतू आहे. पहिले दोन प्रश्न शास्त्राचे आहेत. तिसरा व्यवहाराचा आहे, आणि तो शहरात राहून बाजारातून मासे आणणाऱ्या घरापर्यंतही कसा येऊन पोहोचतो, हे शेवटी आपल्या ध्यानात येईल.

प्रथम प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. वैशाखात कोकणातील ओढे आटलेले असतात. नदीसुद्धा ठिकठिकाणी तुटते, आणि पाणी राहते ते खोल डोहांतून. उन्हाळाभर नदीतील मासे ह्या डोहांच्या आश्रयाने दिवस काढीत असतात. ह्याच काळात त्यांच्या पोटात अंडी वाढत असतात. मादीच्या पोटातील अंड्यांच्या पिशवीला आपण गाभोळी म्हणतो. ज्येष्ठ लागेपर्यंत ही गाभोळी एवढी भरते, की काही जातींत मादीचे पोट बाहेरूनही फुगलेले दिसते.

मग एके दिवशी पाऊस येतो. डोंगराचे तांबडे पाणी ओढ्यांत उतरते. भेगाळलेली शेते पाणी पिऊन तुडुंब होतात, बांधावरून पाणी सांडू लागते, आणि ते ओढ्यावाटे नदीस मिळते. ह्या पाण्याचा लोंढा नदीत पोहोचला की डोहांतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाटात, आणि पाटातून भाताच्या खाचरात अशी त्यांची वाट असते. वीतभर पाण्यातून ते पाठ उघडी टाकून सळसळत जातात. आडवा बांध आला तर त्याच्यावरून पडणाऱ्या धारेत उड्या मारतात. एकदा उडी चुकली तर पुन्हा मारतात. हा प्रवास बहुधा रात्री किंवा पहाटे जोरात असतो, आणि पावसाची पहिली दोनचार दिवसांची सर ओसरली की त्याचा जोरही ओसरतो.

काल कोरडे ठणठणीत असलेल्या शेतात आज मासे दिसतात, म्हणून आमच्याकडे काही लोक असे समजत की मासे पावसाबरोबर आभाळातून पडतात. माझे आजोबा हे अगदी गंभीरपणे सांगत असत. वस्तुतः मरळीसारखे काही मासे हवेतून श्वास घेऊ शकतात आणि ओल्या चिखलात बरेच दिवस तग धरतात. बाकीचे सारे नदीतून चालून आलेले असतात. रात्री चाललेली ही यात्रा आपण पाहत नाही, सकाळी यात्रेकरू मात्र पाहतो, म्हणून आभाळाची गोष्ट निघाली.

आता दुसरा प्रश्न. नदीसारखे मोठे घर सोडून हे मासे उथळ खाचरात का येतात? उत्तर असे की ते स्वतःसाठी येत नाहीत, पिलांसाठी येतात. पुराच्या नदीत पिलांचा निभाव लागणे कठीण. तेथे वेग फार, आणि मोठ्या माशांची तोंडेही फार. खाचरातील पाणी संथ, उथळ आणि उबदार असते. त्यात मागील सालची धसकटे, पालापाचोळा आणि शेण कुजू लागते, आणि ह्या कुजण्यातून डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव निर्माण होतात. नुकत्याच जन्मलेल्या पिलाच्या तोंडात मावेल असे अन्न तेच. म्हणजे शेतकरी ज्या पाण्यात भात लावतो, त्याच पाण्यात निसर्गाने बालसंगोपनाची सोय करून ठेविलेली असते. आपल्या ऊबदार पाण्यात पुष्कळ जातींची अंडी एका दिवसाच्या आतबाहेर फुटतात. पिले श्रावण-भाद्रपदापर्यंत तेथे वाढतात आणि पाऊस ओसरू लागला की उतरत्या पाण्याबरोबर ओढ्यातून नदीत परत जातात.

मी शिक्षक असताना एका वर्षी चौथीच्या मुलांना हा प्रकार दाखविण्याचे योजिले. पहिल्या पावसानंतर शेतातील पाणी काचेच्या बरण्यांत भरून आणण्यास सांगितले. सात बरण्या आल्या. त्यांपैकी चारांत काहीच निघाले नाही, आणि दोहोंत बेडकाची पिले निघाली, त्यामुळे वर्गात पुष्कळ हशा झाला. सातव्या बरणीत मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी केसाएवढे बारीक जीव हलताना दिसले. पाण्याच्याच रंगाचे अंग, आणि त्यावर काजळाच्या टिंबासारखे दोन डोळे. मुले भोवती गोळा झाली. एका मुलीने विचारले, "गुरुजी, ह्यांची आई कुठे आहे?" मी काही बोलण्याच्या आत मागच्या रांगेतील एक मुलगा म्हणाला, "काल रात्री आमच्या घरी तिचं कालवण होतं." सारा वर्ग पुन्हा हसला. मी हसलो खरा, पण त्या दिवसापासून तो तिसरा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही.

त्याकडे वळण्यापूर्वी आणखी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. माशास कसे कळते की आता निघावयाचे? त्याच्यापाशी पंचांग नाही. पोटातील अंडी उन्हाळाभर वाढतात, पण त्यांच्या पूर्णत्वाची शेवटची पायरी एका खुणेसाठी थांबून राहते. आपल्या देशात ही खूण म्हणजे नवे पाणी. पाण्याची उष्णता एकाएकी उतरते, त्यातील क्षारांचे प्रमाण घटते, गढूळपणा वाढतो आणि प्रवाह सुरू होतो. ह्या सर्वांचा मिळून माशाच्या शरीरावर परिणाम होतो, आणि त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा ग्रंथीतून असा रस सुटतो की त्यामुळे अंडी पक्व होऊन बाहेर पडतात.

ह्याचा पुरावा तळ्यांतील माशांनी दिला. रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडील नद्यांतील मोठे मासे. बांधलेल्या तळ्यात ते उत्तम वाढतात, त्यांच्या पोटात गाभोळीही भरते. पण संथ पाण्यात ते अंडी घालीत नाहीत, कारण पुराची खूण त्यांना मिळत नाही. म्हणून पूर्वी तळ्यांत सोडण्याचे बीज नदीच्या पुरातूनच गोळा करून आणावे लागे. इ. स. १९५७ च्या जुलै महिन्यात ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, डॉ. हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही ह्या शास्त्रज्ञांनी माशांच्याच त्या ग्रंथीचा अर्क काढून तो मादीस टोचला, आणि तळ्यातील माशांकडून अंडी घालविली. नदीचा पूर जे सांगतो तेच त्यांनी सुईने सांगितले. त्याची आठवण म्हणून १० जुलै हा दिवस आपल्या देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात. आज आपण बाजारातून रोहू आणतो, तो बहुधा ह्या युक्तीचा वंशज असतो.

थंड देशांत ही खूण निराळी असते. तेथे पाण्याला तोटा नाही, तोटा उन्हाचा असतो. म्हणून तेथील तळ्यांतले पुष्कळ मासे वसंतातील उबेची वाट पाहतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत क्रॅपी नावाचा एक मासा आहे. तो हाताच्या पंजाहून जरा मोठा, चपटा, रुपेरी अंगावर काळे ठिपके असलेला आणि खाण्यास मोठा रुचकर असतो. त्याच्या पांढरा आणि काळा अशा दोन जाती आहेत. लुइझियाना प्रांतातील फ्रेंच बोलणारे लोक त्याला 'दुधाची पिशवी' अशा अर्थाचे नाव देतात. हिवाळाभर हा मासा तलावाच्या खोल भागात राहतो. वसंतात पाण्याची उष्णता १६ ते २० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास आली की तो काठाकडील उथळ पाण्यात येतो. तेथील कोळी लोक उष्णतामापक घेऊन बसत नाहीत. काठावरील डॉगवुडच्या झाडास पांढरा बहर आला, म्हणजे क्रॅपी काठास आला, असे ते समजतात. आपल्याकडील मृगाच्या किड्यासारखीच ही खूण.

ह्या माशात घर सांभाळण्याचे काम नराकडे असते. तो आधी काठास येतो, त्याचा रंग काळवंडतो, आणि बुडालेल्या झाडाझुडपांच्या आसऱ्याने तळाची जागा साफ करून तो एक उथळ घरटे करतो. मादी येऊन तेथे हजारो अंडी घालते आणि पुन्हा खोल पाण्यात जाते. नर मात्र अंडी फुटेपर्यंत, आणि फुटल्यावरही पिले पसरेपर्यंत काही दिवस तेथून हलत नाही. जो जवळ येईल त्याच्यावर तो धावून जातो. नेमक्या ह्याच दिवसांत अमेरिकन माणूस हलकी काठी, बारीक दोरा, लाकडी तरंगी आणि गळास लावलेली जिवंत मासोळी किंवा पिसांचे खोटे आमिष घेऊन काठावर हजर होतो. क्रॅपीच्या ओठाची कातडी इतकी पातळ असते की जोराने हिसका दिला तर गळ फाडून मासा निसटतो; म्हणून त्याला तेथे 'कागदी तोंडाचा' असे म्हणतात, आणि हलक्या हाताचा माणूसच त्याला काठावर आणू शकतो.

आता कोणी म्हणेल, घरटे राखणाऱ्या बापाला धरणे हा निर्दयपणा नव्हे काय? मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु तेथील सरकारी मत्स्यखात्यांचा अनुभव जरा निराळा आहे. क्रॅपीची प्रजा अफाट वाढते. लहान तळ्यात ती इतकी दाटते की कोणासच पुरेसे अन्न मिळत नाही आणि सारे मासे बोटभरच राहतात. एखाद्या वर्षी किती पिले जगतील, हे किती मासे धरले ह्यापेक्षा त्या वसंतात पाण्याची पातळी आणि हवा कशी राहिली ह्यावर अधिक अवलंबून असते. म्हणून बहुतेक ठिकाणी वसंतात क्रॅपी धरण्यास मनाई नाही. मात्र मोजमाप आहे. एका माणसाने एका दिवसात किती मासे न्यावेत ह्याची संख्या ठरलेली असते, आणि पुष्कळ तलावांत ठराविक लांबीपेक्षा लहान मासा पाण्यात परत सोडावा लागतो. १९४४ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे बनलेला केंटकी तलाव ह्या माशाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे ही मर्यादा १० इंचांची ठेविलेली आहे.

मग आपणही वलगणीचे मासे खुशाल धरावेत, असे ह्यावरून ठरते काय? येथे दोन गोष्टींतील फरक नीट पाहिला पाहिजे. क्रॅपीचा तलाव मैलोन् मैल पसरलेला असतो, घरटी काठभर विखुरलेली असतात, आणि गळ एका वेळी एकच मासा धरतो. शंभर माणसे दिवसभर बसली तरी हजारो घरटी शिल्लक राहतात. आपल्या ओढ्याचे तसे नाही. ओढ्याचे तोंड पाचदहा हातांचे असते. नदीतून वर जाणारा प्रत्येक मासा त्याच तोंडातून, आणि बहुधा त्याच दोनचार रात्रींत जातो. त्या तोंडाशी दगडमातीचा आडवा बांध घालून, मध्ये फट ठेवून, तीत कामट्यांचा निमुळता सापळा बसविला, की एका रात्रीत त्या ओढ्याचे सारे आईबाप टोपलीत येतात. म्हणून मला असे वाटते की हंगामात मासे धरावे की न धरावे, हा प्रश्नच आपण चुकीचा मांडतो. वाट मोकळी ठेविली की बंद केली, हा खरा प्रश्न आहे.

येथे थोडे गणितही करून पाहू. एक किलो वजनाची रोहूची मादी सुमारे दोन लाख अंडी घालते. एवढी अंडी असता चार मासे खाल्ले तर काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. पण नदीतील माशांची संख्या वर्षानुवर्षे साधारण सारखी राहावयाची असेल, तर एका जोडप्याच्या साऱ्या आयुष्यातील अंड्यांपैकी सरासरीने दोनच पिले मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्यापर्यंत पोहोचतात. बाकीची कोणी ना कोणी खाऊन टाकतो, किंवा ती वाहून जातात. म्हणजे निसर्गाची उधळपट्टी आहे ती अंड्यांत आहे. जी मादी पावसात ओढ्याच्या तोंडाशी आली, ती त्या लाखांतून वाचून आलेली एक आहे. ती अंडी घालण्यापूर्वी गेली, तर आपण एक मासा नेला असे नव्हे; तिच्या मागील साऱ्या बचावाचे फळ नेले असे होते. तीच मादी चार दिवसांनी, अंडी घालून परतताना धरली, तर वजनात पावशेराचा फरक पडेल, पण ओढ्याच्या हिशेबात फार मोठा पडेल.

आपल्याकडे घर राखणारा मासाही आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. मरळ हा तो मासा. तळ्यात किंवा संथ पाण्यात, पाणवनस्पती बाजूस सारून, नरमादी वाटोळी जागा करतात आणि तेथे पृष्ठभागावर तरंगणारी अंडी घालतात. पिले निघाली की ती लालसर-नारिंगी रंगाचा एकच पुंजका करून फिरतात, क्षणाक्षणाला श्वासासाठी वर येतात, आणि त्यांच्या खाली आईबाप गस्त घालीत असतात. वरून पाण्यावर लाल जाळी हलावी तसे ते दृश्य दिसते. त्या पुंजक्याच्या मधोमध गळ किंवा भाला टाकला की राखणदार हमखास सापडतो, ही गोष्ट खेड्यातील प्रत्येक पोरास माहीत असते. मीही लहानपणी हे केलेले आहे. मोठी मरळ घेऊन घरी आलो तेव्हा सर्वांनी कौतुक केले. दुसऱ्या दिवशी तळ्यावर गेलो तो लाल पुंजका कोठेच नव्हता. इतर माशांनी तो एका दिवसात फस्त केला होता. क्रॅपीच्या तलावात अशा एका घरट्याने काही अडत नाही. पण आमच्या तळ्यात त्या वर्षी बहुधा तेवढा एकच पुंजका होता.

आमच्या आजीस ह्या शास्त्रातील एक अक्षरही ठाऊक नव्हते. परंतु तिचा एक नियम होता. पहिल्या पावसाच्या पहिल्या रात्री ती कोणासही ओढ्यावर जाऊ देत नसे. "आजचं पाणी त्यांचं," एवढेच म्हणे. दुसऱ्या रात्री काका सापळा लावीत, तेव्हाही बांधाच्या एका अंगास हातभर वाट सोडीत. शेजारचे लोक हसत. मासे त्या वाटेने निघून जातात असे म्हणत. काका म्हणत, "जाऊ देत. पुढच्या वर्षी त्यांनीच यायचं आहे." आम्हा मुलांस त्या वाटेचा फार राग येई, कारण चुडीच्या उजेडात मोठमोठे मासे तिच्यातून सटकताना डोळ्यांस दिसत.

पुढे मी नोकरीनिमित्त गाव सोडले. काका गेले, आजी त्यापूर्वीच गेली होती. काही वर्षांनी सुटीत गेलो तो ओढ्याचे तोंड दोन्ही अंगांनी बंद केलेले पाहिले. हातभर वाट कोठेच नव्हती. नायलॉनची बारीक जाळी स्वस्त झाली होती, आणि तिच्यातून बोटभर पिलूही सुटत नव्हते. त्यापुढील उन्हाळ्यात कोणी वरच्या डोहात कपडे धुण्याची पांढरी भुकटी ओतली. डोहातील सारे मासे, पाणसर्प आणि खेकडेही उलटे होऊन वर आले. ज्यांनी ओतली त्यांनी दोन टोपल्या भरून नेल्या, बाकीचे सारे तेथेच सडले. त्या वर्षीच्या मृगात मी मुद्दाम रजा काढून गावी गेलो. पाऊस नेहमीप्रमाणे आला, तांबडे पाणी नेहमीप्रमाणे ओढ्यात उतरले. आम्ही पहाटेपर्यंत काठावर बसलो. चार खेकडे दिसले. मासा एकही चढला नाही.

हे एका गावचे गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. जाळे आणि विष ह्यांच्या जोडीस आता बांधकामही आले आहे. नदीवरील बंधारे, रस्त्याखालील सिमेंटच्या मोऱ्या ह्या माणसांच्या सोयीच्या आहेत, आणि त्या नकोत असे कोणी म्हणणार नाही. पण मोरीचा तळ ओढ्याच्या पात्रापेक्षा हातभर उंच ठेविला, तर लहान माशास ती भिंतच होते. मोरी घालताना तिचा तळ पात्राच्या बरोबरीने किंवा किंचित खाली ठेविला, तर खर्च वाढत नाही आणि वाटही राहते. बंधाऱ्याच्या एका अंगास दगडांची पायरीपायरीची उतरण ठेवता येते. इतर देशांत अशा मत्स्यसोपानांची कित्येक उदाहरणे आहेत.

कायद्याकडे पाहिले तर १८९७ सालच्या हिंदुस्थानच्या मत्स्य कायद्यानेच सुरुंगाची दारू आणि विष ह्यांनी मासे मारणे गुन्हा ठरविले. समुद्रात आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि त्याचे कारण तोच अंडी घालण्याचा हंगाम हे आहे. समुद्रास दोन महिन्यांची विश्रांती आपण देतो. ओढ्यास दोन रात्रींची द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.

आपल्या परंपरेत ह्याची उदाहरणे नाहीत असेही नाही. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण कोंड म्हणून एक डोह आहे. तेथील मासे देवीचे मानलेले असल्यामुळे कोणी त्यांस धरीत नाही, आणि हातभर लांबीचे महाशीर मासे लोकांच्या हातून चुरमुरे खातात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथील शिवालयाजवळही असेच मासे राखलेले आहेत. श्रद्धा कशीही असो, तिचा परिणाम असा की नदीत इतरत्र संपत चाललेला मासा तेथे जिवंत आहे. लोणावळ्यास वळवण येथे १९७० नंतरच्या काळापासून महाशीराची पिले वाढवून नद्यांत आणि तलावांत सोडण्याचे काम टाटांच्या वीज कंपनीने चालविले, तेही स्तुत्य आहे. पण हाताने पिले वाढविणे खर्चाचे असते; ओढा हेच काम फुकट करतो.

आणि जे गेले तर काय जाईल, तेही थोडक्यात सांगतो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याने माशांना शास्त्रीय नावे देताना येथील कोळ्यांच्या तोंडची नावेच घेतली. त्यामुळे मल्या, कोळस, खुदरी, बोगट ही आपली मराठी नावे थोड्याशा फरकाने आजही जगभरच्या ग्रंथांत लॅटिनच्या पंक्तीस बसलेली आहेत. ग्रंथातील नाव राहील. पण ते नाव उच्चारून बोट दाखवावे असा मासा ओढ्यात राहिला नाही, तर पुढील पिढीस ते नाव मराठी आहे हेही कळणार नाही.

आता शहरातील श्रोत्यांकडे येतो. आपण म्हणाल, आम्ही ओढ्यावर जात नाही, बांध घालीत नाही, मग आम्ही काय करावे? जूनच्या पहिल्या पंधरवड्यात खेड्यातून शहरात वलगणीचे मासे विकावयास येतात, आणि गाभोळी भरलेल्या माशास दुप्पट भाव मिळतो. तो भाव आपण देतो. टोपली उघडून "गाभोळी आहे का?" असे आपणच विचारतो, आणि तो प्रश्न दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या तोंडाशी बांध होऊन उभा राहतो. मासे खाऊ नका असे मी सांगत नाही. मीही खातो, आणि आवडीने खातो. ह्या पंधरा दिवसांत तळ्यात वाढविलेला रोहू-कटला घ्या, सुके मासे घ्या, पाहिजे तर डाळीच्या आमटीवर भागवा. चढणीचे मासे घ्यावेसे वाटलेच तर पहिला आठवडा जाऊ द्या. मागणारा थांबला तर धरणाराही एक रात्र थांबतो.

ज्यांचे गाव कोकणात आहे आणि तेथे अजून कोणी आपले आहे, त्यांनी ह्या मृगात एक पत्र टाकावे किंवा दूरध्वनी करावा. जाळे लावा, पण हातभर वाट ठेवा, एवढेच सांगावे. आमच्या गावी गेल्या काही वर्षांपासून तिघाचौघा तरुणांनी ते मनावर घेतले आहे. डोहात भुकटी ओतणाऱ्यावर त्यांची नजर असते, आणि पहिल्या दोन रात्री ओढ्याचे तोंड मोकळे राहते. दोन वर्षे काही दिसले नाही. तिसऱ्या वर्षी पहाटे त्यांच्यापैकी एकाने मला उठवून बोलाविले. कंदिलाच्या उजेडात वीतभर लांबीचे पाचसहा मासे त्या धारेत उड्या मारीत होते. आम्ही त्यांना हात लावला नाही. काठावर उभे राहून ते वर जाईपर्यंत पाहिले, आणि घरी येऊन चहा घेतला.